इंदुरात बुटका पांढरा कोनफ्लॉवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे झाड मूळचं उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातलं. मालव्यात ते लावायचं, तर परदेशी पुस्तकातलं वेळापत्रक जसंच्या तसं उपयोगी पडत नाही. तिथे झाडाला थंडी छळते, इथे पावसाळा. खालची उत्तरं इंदूरची काळी माती, इथला ऊन-पाऊस आणि गच्चीवरच्या कुंड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

कोनफ्लॉवर म्हणजे नेमकं कोणतं फूल? शास्ता डेझीच ना?

नाही, आणि नर्सरीत फसगत होते ती इथेच. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली आणि दोन्ही पांढरी, त्यामुळे फुलाशिवायचं रोप ओळखणं अवघड जातं. पान बोटांत धरून चोळून बघा. कोनफ्लॉवरचं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं, शास्ता डेझीचं गुळगुळीत असतं. फूल असेल तर प्रश्नच नाही. डेझीचा पिवळा मधला भाग चपटा आणि मऊ असतो, कोनफ्लॉवरचा उंचवट्यासारखा वर आलेला असतो आणि त्यावर तळवा दाबला तर टोचतो. एकिनेशिया हे शास्त्रीय नाव त्या टोचण्यावरूनच पडलं आहे. ग्रीक भाषेत ‘एकिनोस’ म्हणजे साळूसारखा काटेरी प्राणी. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या झाडाला रुडबेकियाच्या वंशात घातलं होतं. मोएंख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ साली एकिनेशिया हा वेगळा वंश मांडला.

ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती कडेची पांढरी फुलं वांझ असतात. खरी फुलं मधल्या शंकूत असतात आणि ती बाहेरच्या कडेकडून आत उमलत जातात. भिंगातून पाहिलं तर परागाचं पिवळं कडं रोज थोडं वर सरकलेलं दिसतं. ते टोकाला पोचेपर्यंत फूल ताजं समजावं.

‘बुटका’ म्हणजे किती उंच? कोणती जात घ्यावी?

फुलासकट दीड ते दोन फूट. बियांपासून करायचं असेल तर ‘पॉवॉव व्हाइट’ घ्या. ती पहिल्याच वर्षी फुलते, फांद्या बुडापासून फुटतात आणि आधाराची गरज पडत नाही. तिचीच गुलाबी बहीण ‘पॉवॉव वाइल्ड बेरी’ला २०१० साली ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’चा पुरस्कार मिळाला होता. ‘किम्स मॉपहेड’ही बुटकी आणि पांढरी आहे, पण ती बियांपासून तशीच येत नाही, तयार रोपच आणावं लागतं. ‘व्हाइट स्वान’ जुनी आणि सुंदर, पण अडीच-तीन फुटांपर्यंत जाते. गच्चीवरच्या वाऱ्यात ती कलते, कुंडीसाठी नको. दुहेरी पाकळ्यांच्या, कापसाच्या गोळ्यासारख्या जाती दिसायला आकर्षक असल्या तरी पावसाचं पाणी त्या गोळ्यात अडकतं आणि फूल आतून कुजतं. इंदुरात आमची पसंती साध्या एकेरी फुलालाच.

बी कधी पेरायचं?

लक्षात ठेवायला सोपा हिशोब आहे. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (मिरवणुकीतले देखावे) झाल्या की दुसऱ्या दिवशी बी ओलं करून फ्रीजमध्ये ठेवा आणि कोजागरीला बाहेर काढून पेरा. मध्ये साधारण एक महिना जातो, बियाला गारवाही तेवढाच लागतो.

गारवा न देताही काही बी उगवतं, विशेषतः पॉवॉवसारख्या जातीचं. पण उगवण मागे-पुढे होते, पहिलं रोप चार पानांवर आलं तरी शेवटचं डोकं वर काढत नाही. गारवा दिलेलं बी जवळजवळ एकदम उगवतं.

टिशू पेपर ओला करून घट्ट पिळा, थेंब गळता कामा नये. त्यावर बी पसरा, घडी घाला, झिपच्या पिशवीत घालून तारीख लिहा आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. तिथे साधारण ४ अंश तापमान असतं. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. आठवड्यातून एकदा उघडून बघा. बुरशीचा पांढरा कापूस दिसला तर बी धुऊन नव्या कागदात घाला.

पेरणीसाठी तीन भाग कोकोपीट आणि एक भाग व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) पुरे. कोकोपीट आधी दोनदा धुऊन घ्या, त्यातला क्षार कोवळ्या मुळांना जाळतो. बी ३ मिलिमीटरपेक्षा खोल नको. उजेड मिळाला तर ते चांगलं उगवतं. १८ ते २२ अंशांत दहा ते वीस दिवस लागतात. ऑक्टोबरात इंदुरात दुपारी पारा तिशीच्या वर असतो, म्हणून ट्रे उत्तरेच्या खिडकीत किंवा झाडाच्या सावलीत ठेवा. कोंब वर आले की लगेच सकाळच्या उन्हात आणा, नाहीतर ते दोऱ्यासारखे लांबतात आणि आडवे होतात.

रोपं आडवी पडून मरतात. का?

बहुतेक वेळा जास्त पाणी. मातीलगतचा देठ चिमटा काढल्यासारखा बारीक आणि तपकिरी झाला असेल तर ती कोलमड्याची बुरशी आहे, ते रोप वाचत नाही. बाकीच्यांचं वरून पाणी बंद करा, ट्रे खालून पाच मिनिटं पाण्यात ठेवून उचला आणि हवा खेळती ठेवा.

कुंडीत लावायचं की जमिनीत?

इंदुरात पहिली दोन वर्षं तरी कुंडीत, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण एकच, पाऊस आला की कुंडी उचलता येते. या जातीची मुळं तंतुमय असतात, त्यामुळे दहा-बारा इंची कुंडी तिला पुरते. मातीची कुंडी घ्या, भिंतीतून ओल सुटते. प्लास्टिकची असेल तर तळाच्या भोकांबरोबर बाजूलाही, बुडापासून इंचभर वर, चार भोकं पाडा.

कुंडीचं मिश्रण: चार भाग बागेची माती, तीन भाग जाड रेती किंवा चाळलेला बारीक मुरूम, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचं खत, एक भाग कोकोपीट. वर कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. भरल्यावर एक मग पाणी ओता आणि घड्याळ बघा. अर्ध्या मिनिटात खालून निघालं तर ठीक. पाणी वरच तळं करून राहिलं तर मुरूम आणखी घाला आणि पुन्हा भरा. रोप लावल्यावर हे दुरुस्त करता येत नाही, म्हणून ही चाचणी चुकवू नका.

आमच्याकडे काळी माती आहे. रेती मिसळून भागेल का?

थोडी रेती मिसळून भागत नाही, उलट बिघडतं. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात पाचव्या-सहाव्या हिश्शाने रेती घातली तर रेतीचे कण चिकणमातीत रुततात आणि वाळल्यावर वीट तयार होते. घालायचंच तर तिसरा हिस्सा मुरूम आणि तेवढंच खत घाला. त्याहून चांगला उपाय म्हणजे वाफा जमिनीच्या वर बांधणं. विटांच्या ओळी एकावर एक, आठ-नऊ इंच उंची, आणि आत कुंडीचंच मिश्रण. तळाशी काळ्या मातीला खुरपीने नुसतं मोकळं करा, खड्डा खणू नका. काळ्या मातीत खणलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो, आत कितीही चांगली माती घाला.

दोन रोपांत ३५ ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा. लावताना रोपाची मान, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीच्या अर्धा इंच वर राहू द्या. पाणी घातल्यावर माती बसते आणि मान बरोबर पातळीला येते. मान मातीत गाडली गेली तर झाड मार्चपर्यंत छान दिसतं आणि जुलैत जातं.

फेब्रुवारी आला, झाड दाट झालं, पण कळी नाही. खत कमी पडतं का?

खताचा दोष नाही, दिवस लहान आहे. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून नीट समजून घेऊ या.

कोनफ्लॉवर दिवसाची लांबी मोजून फुलतो. त्याला साधारण तेरा-चौदा तासांचा दिवस लागतो. इंदुरात डिसेंबरच्या शेवटी दिवस पावणेअकरा तासांचा असतो, २१ जूनला साडेतेराचा. तेरा तासांच्या वर दिवस जातो तो मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे ऐन उन्हाळा आणि पाऊस. हिवाळाभर झाड पानांचा गुच्छ करून बसतं ते यामुळे. त्या काळात फुलं यावीत म्हणून खत ओतलं तर पानं वाढतात आणि मऊ पडतात, कळी येत नाही.

एप्रिलमध्ये, ऊन कडक होण्याआधी फुलं हवी असतील तर रात्र तोडावी लागते. कुंडीत आठ-दहा पूर्ण पानं झालेली असली पाहिजेत, त्याआधी उपयोग नाही. जानेवारीच्या शेवटी झाडाच्या तीन फूट वर पिवळसर उजेडाचा ९ वॉटचा एलईडी बल्ब लावा. टायमरने रात्री दहा ते दोन असे चार तास तो रोज चालू ठेवा. एखाद-दुसरी रात्र चुकली तर बिघडत नाही, आठवडाभर चुकली तर मेहनत वाया जाते. झाडाला उजेड तीव्र नको असतो, रात्र सलग नको असते. कळ्या दिसेपर्यंत चालू ठेवा. दिवा लावल्यापासून फूल उमलायला दहा-बारा आठवडे लागतात. शेजाऱ्याच्या खिडकीवर उजेड पडत असेल तर बल्बला वरून पत्र्याची टोपी करा.

ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी मे-जूनची फुलं पाहावीत. तीही येतात, फक्त दुपारची सावली सांभाळावी लागते.

मेच्या उन्हात टिकतं का?

टिकतं. कडक ऊन झाडाला मारत नाही, फुलाची शोभा घालवतं. चाळिशीच्या उन्हात पांढऱ्या पाकळ्यांच्या टोकांना तपकिरी काठ येतो आणि पांढऱ्यावर तो लगेच डोळ्यांत भरतो. सकाळचं पाच-सहा तास ऊन आणि एक वाजल्यानंतर सावली, ही जागा उत्तम. पूर्वेची गॅलरी असेल तर आणखी काही करू नका. गच्ची उघडी असेल तर एप्रिलपासून ३५ ते ५० टक्के सावलीची हिरवी जाळी पश्चिमेच्या बाजूने लावा, डोक्यावर नाही.

शब-ए-मालवाचा, म्हणजे मालव्याच्या गार रात्रीचा फायदा या झाडाला खरोखर होतो. दिवस तापला तरी इंदूरची रात्र उतरते आणि झाड सावरतं.

दुपारी तीनला पानं लोंबली म्हणजे तहान लागली असं समजू नका. संध्याकाळी सातला पुन्हा बघा. पानं उभी झाली असतील तर पाणी नको. सातलाही लोंबत असतील तर बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं तर मुळं कुजू लागली आहेत आणि आता पाणी दिलं तर झाड संपलंच.

पाणी किती आणि कोणतं?

थंडीत कुंडीला चार-पाच दिवसांनी, मार्चमध्ये दिवसाआड, मेमध्ये रोज सकाळी. वाफ्याला मेमध्येही तीन दिवसांनी पुरतं. झारीचं तोंड काढून बुडाशी घाला, फुलांवर नाही.

नर्मदेचं पाणी चालतं. बोरिंगचं पाणी जड असेल तर काही महिन्यांत नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण क्षारामुळे मुळांना घेता येत नाही. अशा वेळी ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह लिटरला १ ग्रॅम मिसळून मुळाशी द्या. ईडीटीए प्रकारचं लोह क्षारयुक्त मातीत टिकत नाही, पाकीट घेताना अक्षरं वाचून घ्या. गच्चीवर पावसाचं पाणी पिंपात साठत असेल तर तेच द्यावं.

खत?

कमीच. लावताना दिलेलं, मग कळ्या दिसल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, वीस दिवसांनी एकदा. पावसाळ्यात काही नाही. युरिया कधीच नाही, त्याने दांडे मऊ होतात, फुलाच्या वजनाने वाकतात आणि मावा लागतो.

पावसाळ्यात झाड मरतं. कसं वाचवायचं?

इंदुरात ३५ ते ४० इंच पाऊस जवळजवळ सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पडतो आणि कोनफ्लॉवरची मान सलग ओली राहिली की कुजते. म्हणून तयारी पहिल्या सरीआधी हवी.

मेच्या शेवटी मानेभोवतीचा पालापाचोळा, वाळलेली पानं, जुने दांडे काढून टाका. उन्हाळ्यात ओल टिकवायला घातलेलं गवताचं आच्छादनही काढा. त्याजागी मानेभोवती चार इंच रुंद आणि दीड इंच जाड असं मुरमाचं किंवा बारीक खडीचं कडं करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रायकोडर्मा (मुळांना कुजण्यापासून वाचवणारी मित्रबुरशी) लिटरला ५ ग्रॅम मिसळून मातीत द्या. कुंड्या छज्जाखाली घ्या, खालच्या थाळ्या काढा आणि प्रत्येक कुंडी तीन विटांच्या तुकड्यांवर ठेवा. वाफा असेल तर बांबूच्या चौकटीवर पारदर्शक पत्रा तिरका बसवा. चारही बाजू उघड्या ठेवा. प्लास्टिकने गुंडाळलं तर आतला दमटपणाच झाड खातो.

जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा वाकून मान बघा. मानेशी पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं आणि त्यात मोहरीसारखे गोल दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी आहे. दाणे आधी पांढरे असतात, मग तपकिरी होतात आणि मातीत पुढची काही वर्षं जिवंत राहतात. झाड मुळासकट आणि भोवतालची सहा इंच मातीही पिशवीत भरून टाका. ती माती खताच्या ढिगात घालू नका.

मान नुसती एका बाजूने तपकिरी आणि मऊ असेल तर झाड उपटा, मऊ भाग धारदार चाकूने पांढरा गर दिसेपर्यंत कापा आणि तासभर सावलीत सुकवा. मग निव्वळ रेती-कोकोपीटमध्ये लावून कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम मिसळून मुळाशी द्या. त्याच्या मागे-पुढे पंधरा दिवस ट्रायकोडर्मा नको, बुरशीनाशक मित्रबुरशीलाही मारतं. सगळीच झाडं वाचतात असं नाही, पण ज्याची अर्धी मान घट्ट आहे ते सोडून देऊ नये.

फूल हिरवं, वेडंवाकडं आलं आणि शंकूतून पानांचे तुरे निघाले. औषध कोणतं?

औषध नाही. हा फायटोप्लाझ्माचा, म्हणजे झाडाच्या आत राहणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूचा रोग, वांग्यावर आणि तिळावर येणाऱ्या पर्णगुच्छाच्या जातीचा. तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. झाड त्याच दिवशी उपटून टाका. कापून उरलेलं पुन्हा फुटलं तरी रोग आतच असतो. मात्र ताज्या कळीच्या पाकळ्या सुरुवातीला हिरवटच असतात आणि उमलताना पांढऱ्या होतात. घाईने निरोगी झाड उपटू नका, आठवडा थांबा.

पाकळ्यांवर तपकिरी ओरखडे आहेत.

बहुधा फुलकिडे. फूल काळ्या कागदावर झटका. एक मिलिमीटरच्या फिकट काड्या चालताना दिसतील, पांढऱ्या कागदावर त्या दिसत नाहीत. निळा चिकट सापळा लावा आणि कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिलि, थोड्या साबणाच्या पाण्यात फेसाळून, सूर्यास्तानंतर पानांवर फवारा. उमललेल्या फुलावर फवारू नका, तिथे मधमाश्या येतात. एप्रिल-मेमध्ये पानाच्या खालून बारीक जाळी आणि वरून पिवळे ठिपके दिसले तर तो लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवस सकाळी मारला तरी तो निम्म्याने उतरतो.

वाळलेली फुलं कापायची का?

कापायची. खालच्या पहिल्या पानाच्या बेचक्याच्या जरा वर कापा, तिथूनच पुढची कळी येते. जुलैत आलेली शेवटची दोन-तीन मात्र बियांसाठी ठेवा.

घरचं बी पोकळ निघतं.

एकच झाड आहे का? कोनफ्लॉवर स्वतःच्या परागाने बी धरत नाही. दोन वेगवेगळ्या बियांची झाडं जवळ हवीत. एकाच झाडाचे दोन भाग करून लावले तर ती दोन झाडं दिसतात, पण परागासाठी एकच. भरलेलं बी नखाने दाबलं तर घट्ट लागतं, पोकळ असेल ते चपटं होतं.

आणि शेजारी गुलाबी कोनफ्लॉवर असेल तर पांढऱ्याच्या बियांतून गुलाबी रोपं निघणारच. कोवळेपणीच देठाच्या बुडाशी जांभळट झाक दिसली तर ते रोप बहुधा गुलाबी, स्वच्छ हिरवा देठ बहुधा पांढऱ्याचा.

झाड फोडून वाढवता येतं?

तीन वर्षांनी, दसरा ते दिवाळीच्या मध्ये. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे आणि मुळांचा मूठभर गुच्छ हवा. दरवर्षी फोडू नका, झाड खुरटतं.

याचा काढा करता येतो असं ऐकलं.

बागेतल्या झाडाचा करू नका. औषधी वापराची मात्रा, झाडाचा भाग आणि फवारलेली औषधं, यांचा मेळ घरी बसत नाही. गाजरगवताने अंगाला खाज सुटते त्यांनी तर पानं हाताळतानाही हातमोजे घालावेत, दोन्ही एकाच कुळातली आहेत.

ग्वाल्हेर किंवा बडोद्याच्या नातेवाइकांना रोप दिलं तर हेच वेळापत्रक सांगायचं का?

पेरणी तीच. ग्वाल्हेरला उन्हाळा जास्त कडक, म्हणून जाळी मार्चअखेर लावायला सांगा. थंडी जास्त असल्याने झाड तिथे डिसेंबर-जानेवारीत थांबल्यासारखं दिसतं, ते मेलेलं नसतं. बडोद्याला रात्रीही उकाडा आणि दमटपणा असतो, तिथे कुंडीत मुरूम एक भाग वाढवा आणि दोन कुंड्यांत हातभर अंतर ठेवा. रोप पाठवायचं तर नोव्हेंबरात, चार इंची कुंडीतून न काढता.